महागडी गिटार, दुरुस्तीच्या टेबलावर

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज लाकडाच्या पोटातून येत नाही. तंबोऱ्याला भोपळा असतो, व्हायोलिनला पोकळ पेटी असते आणि तारेची थरथर त्या पोकळीत भरून बाहेर पडते. तिथे भोपळ्याची जाडी, पेटीच्या फळीची घडण, कारागिराचा हात या सगळ्याला थेट आवाजात किंमत आहे. इलेक्ट्रिक गिटारचे अंग बहुधा भरीव फळीचे असते. तारांच्या खाली पिकअप बसवलेला असतो: चुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वरची पोलादी तार हलली की वेढ्यांत क्षीण वीज उमटते, ती केबलमधून ॲम्प्लिफायरला जाते आणि आवाज तिथे होतो. हे एवढे लक्षात घेतले की हाताने घडवलेल्या, सात-आठ लाखांच्या गिटारचा प्रश्न नीट विचारता येतो. मुंबईच्या दुकानात चालणारी इलेक्ट्रिक गिटार पंधरा-वीस हजारांतही मिळते. मधले सात लाख जातात कुठे?

या वाद्याचा जन्म मुळात नाजूक कारागिरीतून झालेला नाही. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलरटनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस होता आणि त्याला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने १९५० साली बाजारात आणलेल्या गिटारला पुढच्याच वर्षी टेलिकास्टर हे नाव मिळाले. ती म्हणजे एक फळी, एक मान (नेक) आणि दोन्हींना जोडणारे चार स्क्रू. नेक खराब झाला तर स्क्रू काढून दुसरा लावावा, इतका साधा हिशेब होता. १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर ट्रेमोलोसह २४९ डॉलर ५० सेंटला मिळत होती. आज जिची एकेक प्रत सुटी घडवून लाखांना विकतात, ती कारखान्यात ढिगाने बनावी म्हणूनच आखलेली वस्तू होती. फेंडर कंपनीचे कस्टम शॉप १९८७ साली निघाले आणि १९९५ पासून तिथे मुद्दाम झिजवलेल्या नव्या गिटारी मिळू लागल्या. रंग खरवडलेला, पितळ काळवंडवलेले, पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे. या ओरखड्यांचे वेगळे पैसे पडतात. आपल्याकडे नव्या स्कूटरला शोरूममध्ये पोचा आढळला तर भाव कमी करून घेतात. दुरुस्तीच्या दुकानात या गोष्टीचे हसू अजून ओसरलेले नाही.

गिटार दुरुस्त करणाऱ्याला या प्रश्नाचे उत्तर पुस्तकातून मिळत नाही, गिटारचे पोट उघडल्यावर मिळते. पहिली काही वर्षे महागडी गिटार आली की हात थरथरतो. आत काहीतरी वेगळे असणार, अशी समजूत असते. पिकगार्डचे स्क्रू काढून बघावे तर आत तेच असते: तीन पिकअप, तीन पॉट, एक कपॅसिटर, एक स्विच आणि डागलेल्या वायरी. डाग चकचकीत आणि नीट दिलेले असतात, वायर जुन्या पद्धतीची, कापडी आवरणाची असते, पोकळीला आतून तांब्याचा पत्रा लावलेला असतो. स्वस्त गिटारमध्ये डाग ओबडधोबड, पॉट लहान आणि स्विच महिन्याभरात खरखरणारा. पण हे सगळे सुटे भाग बाजारात मिळतात. उत्तम प्रतीचे पिकअप, पॉट आणि स्विच घातले तरी खर्च तीस-पस्तीस हजारांच्या वर सहसा जात नाही. विद्युत भागाची किंमत तिथे संपते.

कानाची परीक्षा एकदा अशाच रिकाम्या दुपारी झाली. जुलैचा मुसळधार पाऊस, लोकल बंद, दुकानात अडकलेले पाच वादक आणि टेबलावर दुरुस्त होऊन पडलेल्या तीन गिटारी. एक परदेशी कारागिराने एकट्याने घडवलेली, एक मधल्या किमतीची, एक इंडोनेशियात बनलेली वीस हजारांची. तिन्हींना एकाच मापाच्या नव्या तारा, तिन्ही एकाच केबलने एकाच ॲम्प्लिफायरला. वाजवणारा आतल्या खोलीत, ऐकणारे बाहेर. पिकअपचे सिंगल कॉइल आणि हंबकर हे दोन प्रकार सगळ्यांनी बिनचूक ओळखले. महाग कुठली, हे सांगताना मात्र पाचांची पाच तोंडे. पिकअपची उंची अर्ध्या मिलिमीटरने वरखाली केल्यावर जो फरक पडला, तो लाखांच्या फरकापेक्षा ठळक होता. मग खेळ उलटा केला. डोळ्यांवर रुमाल बांधून गिटार हातात दिली. आता अंगठा नेकच्या पाठीवरून दोनदा फिरताच महागडी गिटार ओळखली गेली. पाचातल्या चौघांनी एक सूरही न वाजवता ती ओळखली.

याला शास्त्रीय प्रयोग म्हणता येणार नाही, पण व्हायोलिनच्या बाबतीत तसे प्रयोग झालेले आहेत. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिसला २१ वादकांना वेल्डिंगचे काळे गॉगल घालून अंधाऱ्या खोलीत सहा व्हायोलिने वाजवायला दिली होती: तीन नवी, दोन स्ट्राडिव्हेरियस आणि एक ग्वार्नेरी. सगळ्यांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्राडिव्हेरियसला. जिथे लाकडाचाच आवाज होतो तिथे ही गत, तर जिथे चुंबक आवाज पकडतो तिथे लाकडाच्या जातीवर रात्र रात्र वाद घालण्यात फार अर्थ उरत नाही. लाकडाचा काहीच परिणाम होत नाही, असे नव्हे. फळीचे वजन, नेकचा ताठरपणा, तारांची टोके धरणारा ब्रिज किती घट्ट बसला आहे यांवर सूर किती वेळ टिकतो हे थोडेफार ठरते. पण तो फरक दहा फुटी केबल बदलून वीस फुटी लावली की होणाऱ्या फरकाच्या आसपासचा असतो, आणि केबलवर कोणी रात्र जागवत नाही.

महागड्या गिटारचे खरे काम दिसते ते नेकवर.

नेकवर धातूच्या आडव्या पट्ट्यांचे बावीस किंवा चोवीस फ्रेट ठोकलेले असतात. त्यांची जागा गणिताने ठरते: प्रत्येक फ्रेट उरलेल्या लांबीच्या साधारण अठराव्या भागावर, नेमके सांगायचे तर १७.८१७ ने भागून. हे काम आता यंत्र करते आणि वीस हजारांच्या गिटारवरही ते चुकत नाही. चुकते ते पुढचे. सगळ्या फ्रेटचे माथे एका पातळीत हवेत. एखादा फ्रेट केसभर वर राहिला की अलीकडचा सूर त्याला घासून वाजतो. तंबोऱ्याच्या घोडीवर सुताचा धागा सरकवून हीच घसट मुद्दाम आणतात आणि तिला जवारी म्हणतात. गिटारवर ती रोग ठरते. मग दुकानदार तारा उंच करून देतो. रोग झाकला जातो, पण वाजवणाऱ्याची बोटे सोलवटतात. नेकच्या कडेची फ्रेटची टोके बोथट केलेली नसतील तर तळहात वर-खाली जाताना करवतीवरून जातो. नेकच्या वरच्या टोकाला तारा खाचांत धरणारी पट्टी म्हणजे नट. त्याच्या खाचा उथळ राहिल्या असतील तर पहिल्या फ्रेटवर दाबलेला सूर चढा लागतो, आणि नवशिका बिचारा वर्षभर समजत राहतो की आपलाच कान कच्चा आहे.

हे सगळे हाताने दुरुस्त होते. आधी नेकच्या आतला ट्रस रॉड फिरवून नेक सरळ करतात. मग सरळ पोलादी पट्टीवर बारीक पॉलिश पेपर चिकटवून ती फ्रेटवरून लांबच्या लांब फिरवतात. त्याआधी प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर काळ्या मार्करची रेघ मारलेली असते. जिथली शाई गेली तो फ्रेट उंच होता, जिथली राहिली तो खाली. शाई सगळीकडून सारखी गेली की पातळी आली. मग अर्धगोल खाचेच्या कानशीने प्रत्येक माथा पुन्हा गोल करायचा, टोके मारायची, पेपरची एकाहून एक बारीक प्रत घेत शेवटी चकाकी आणायची. नेक पुन्हा किंचित, पाव मिलिमीटरभर, पुढे झुकवायचा, कारण तार हलायला जागा लागते. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दीड-पावणेदोन मिलिमीटरवर आणायची. हा सगळा व्याप चार ते सहा तासांचा. अठरा हजारांच्या गिटारवर हे काम करून घेतलेला एक कॉलेजचा मुलगा दुकानातच अर्धा तास वाजवत बसला आणि शेवटी त्याने विचारले, ‘काका, नेक बदलला का?’ त्याचे बिल साडेचार हजार झाले होते. नेक अर्थात तोच होता.

महागड्या गिटारच्या नेकवर हे काम आधीच झालेले असते, आणि अधिक निगुतीने. फ्रेटबोर्डच्या कडा रंधून अशा मऊ केलेल्या असतात की वीस वर्षे वाजवल्यासारख्या वाटाव्यात. नट हाडाचा, खाचा तारेच्या जाडीबरहुकूम. अंगठ्याला जे कळले ते हेच. पण या बाबतीतही काळ बदलला आहे. नेकवर तारा ताणलेल्या असताना फ्रेट मोजून मग ते कापणारे प्लेक नावाचे जर्मन यंत्र आता मोठ्या कारखान्यांत आहे आणि ते हातापेक्षा अधिक एकसारखे काम करते. झिजत नाहीत असे स्टेनलेस स्टीलचे फ्रेट आता सत्तर-ऐंशी हजारांच्या गिटारीतही येतात. हाताने केलेले म्हणजे अचूक हे समीकरण त्यामुळे पातळ झाले. दीड-दोन लाखांपर्यंत पैशाबरोबर गिटार सुधारत जाते, असा टेबलावरचा अनुभव आहे. त्यापुढे सुधारणा मोजायला फुटपट्टी पुरत नाही.

मग त्यापुढचे पैसे कशाचे? याचे उत्तर स्वतः गिटार घडवल्याशिवाय पटत नाही. दहा वर्षे दुसऱ्यांच्या गिटारी दुरुस्त केल्यावर आपणही एक करावी अशी खुमखुमी येते. पहिल्या प्रयत्नात ब्रिज दोन मिलिमीटर मागे बसला. सूर जुळवायला तारेखालची बैठक पुढे आणावी लागते, ती टोकाला जाऊन अडकली आणि तरी पातळ तार बेसूरच राहिली. ती गिटार अजून दुकानाच्या माळ्यावर आहे. दुसरी जमली. लाकूड, पिकअप, ट्यूनर, रंग मिळून अठ्ठेचाळीस हजार खर्च आला. तास लिहून ठेवले होते, ते एकशे दहा भरले. ती ऐंशी हजारांना गेली, आणि घेणाऱ्याने आधी घासाघीस केली. हाती उरले बत्तीस हजार, म्हणजे तासाला तीनशे रुपयेही नाहीत. तेवढ्या वेळात फ्रेटची अठरा-वीस कामे झाली असती. जर्मनीत, फिनलंडमध्ये किंवा अमेरिकेत एकटा बसून गिटारी घडवणाऱ्याने स्वतःच्या देशातल्या चांगल्या सुताराची मजुरी, जागेचे भाडे आणि वाया गेलेले लाकूड जमेस धरले, तर त्याच्या गिटारची किंमत तीन-चार लाखांच्या खाली येणे कठीण. तो लुबाडत नाही. त्या किमतीवर वाहतूक, आयात शुल्क आणि जीएसटी चढतो, आणि त्या भागाचा तारेशी काही संबंध नसतो.

उरलेली किंमत डोळ्यांची असते. मेपलच्या लाकडात कधीकधी ज्वाळेसारख्या लाटा दिसतात. तशी फळी मधोमध चिरून पुस्तकासारखी उघडली की दोन्ही बाजूंच्या लाटा एकमेकींना भिडतात आणि त्यावर रंग चढला की गिटार पैठणीच्या पदरासारखी हलते. अशी फळी दुर्मीळ असते, म्हणून महाग असते. आवाजात तिचा वाटा शून्याजवळ. ब्राझीलच्या शिसवीचा फ्रेटबोर्ड असेल तर किंमत आणखी चढते, कारण त्या झाडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून जवळजवळ बंदी आहे. त्याची जागा जगभर घेतली ती दक्षिण भारतातल्या शिसवीने. आपल्याकडचे लाकूड परदेशी जाऊन गिटारच्या अंगावर परत येते आणि दुकानात ‘इम्पोर्टेड’ म्हणून विकले जाते.

हवा मात्र किंमत बघत नाही. पावसाळ्यात मुंबईची हवा ओलीचिंब असते आणि लाकूड पाणी पिते. एका डॉक्टरांनी अमेरिकेहून आणलेली कस्टम गिटार जून संपता संपता घसटू लागली. फसवणूक झाली या खात्रीने ते आले होते. ट्रस रॉडला पाव फेरा दिला आणि घसट गेली. दिवाळीनंतर उलट फेरा द्यावा लागणार, हे त्यांना तेव्हाच सांगून ठेवले, तरी नोव्हेंबरात ते तितक्याच संतापाने आले. नागपूरच्या उन्हाळ्यात किंवा दिवसरात्र एसी चालणाऱ्या खोलीत फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोके कडेबाहेर येऊन बोटांना टोचतात. समुद्राजवळच्या घरांत निकेलच्या मुलाम्याला दोन वर्षांत पुटकुळ्या येतात. चांगले वाळवलेले लाकूड कमी हलते, आणि महागड्या गिटारच्या बाजूने इतके नक्की म्हणता येते. न हलणारे लाकूड मात्र अजून टेबलावर आलेले नाही.

किंमत आणि आवाज यांची फारकत सगळ्यांत स्पष्ट दिसली ती एका अपघातात. मागे कललेल्या हेडची, सहा लाखांची गिटार कुरिअरने बंगळूरहून आली ती मान मोडूनच. अशा गिटारींचे हेड सतरा अंशांत कललेले असते, नेमके तिथेच लाकडाचे तंतू आडवे तुटतात आणि ट्रस रॉडच्या खोबणीमुळे लाकूडही तिथे पातळ असते. चीर स्वच्छ होती. सरस भरला, शिकंजे लावले, एक दिवस ठेवले, रंग जुळवला. सरसाचा सांधा मूळ लाकडाइतकाच घट्ट धरतो. गिटार आधी वाजत होती तशीच वाजली आणि मालकालाही फरक सांगता आला नाही. पण विकायला काढली तेव्हा तिला साडेतीन लाखही कोणी देईना. त्या चिरेत अडीच लाखांहून जास्त गेले आणि त्यांतला एक रुपयाही आवाजाचा नव्हता.

तारांची उंची आणि नट जुळवण्याच्या कामात, म्हणजे सेटअपमध्ये, एक चूक दुरुस्ती करणाऱ्याकडूनही झाली आहे. चार लाखांच्या गिटारच्या नटमध्ये पातळ तारेची खाच एक कानस जास्त गेली आणि मोकळी तार पहिल्या फ्रेटवर घसटू लागली. हाडाची पूड आणि सुपरग्लू भरून खाच पुन्हा कापली, गिऱ्हाइकाला सांगितले आणि पैसे घेतले नाहीत. त्या दिवसापासून शेवटच्या चार फेऱ्या मोजून मारण्याची सवय लागली. ही सवय आधी स्वस्त गिटारींसाठी नव्हती, हे कबूल करायला हवे.

संग्राहकांची बाजारपेठ ही निराळी गोष्ट आहे. १९५८ ते १९६० मधल्या सनबर्स्ट रंगाच्या गिब्सन लेस पॉल गिटारला तेव्हा फारसे गिऱ्हाईक नव्हते आणि तो साचाच बंद करण्यात आला. आज तीच गिटार लाखो डॉलरला जाते. रॉक गिटारवादक एरिक क्लॅप्टनने १९७० साली नॅशव्हिलमध्ये साधारण शंभर-शंभर डॉलरला घेतलेल्या जुन्या स्ट्रॅटोकास्टरचे सुटे भाग जुळवून ‘ब्लॅकी’ केली. २००४ च्या लिलावात ती ९,५९,५०० डॉलरला गेली. एडी व्हॅन हेलनने पन्नास डॉलरचे, गाठ असलेले अंग आणि ऐंशी डॉलरचा नेक जोडून स्वतःची गिटार केली. फेंडरने २००७ साली तिच्या हुबेहूब तीनशे प्रती काढल्या, सिगारेटच्या डागांसह, प्रत्येकी पंचवीस हजार डॉलरना. ब्रायन मेने १९६३ मध्ये वडिलांबरोबर घरी घडवायला घेतलेल्या गिटारचा नेक जुन्या फायरप्लेसच्या लाकडाचा आणि ट्रेमोलोच्या स्प्रिंगा मोटारसायकलच्या इंजिनातल्या. ज्यांच्या आवाजामागे लोक धावतात त्यांच्या गिटारी स्वस्त होत्या. त्यांच्या नकला महाग आहेत.

तरीही घेणारे फसतात असे सरसकट म्हणता येत नाही. रोज सहा तास स्टुडिओत बसणाऱ्या वादकाला नेकच्या कडेचा मऊपणा खांद्यापर्यंत कळतो. त्याची गिटार तीन वर्षांत स्वतःचे पैसे काढते. काहींचा हात लहान असतो, काहींचा अंगठा दुखावलेला असतो. नेकची जाडी मोजून घडवून घेण्यासाठी कारागिराकडे जाण्याचे ते रास्त कारण आहे. आणि हौसेला मोल नसते, हे तर आहेच. फक्त दुकानात तिला मोल असते आणि ते लेबलवर लिहिलेले असते. अडचण होते ती तिसऱ्याच ठिकाणी. साठवलेल्या पैशातून स्वप्नातली गिटार घेणारा माणूस ती कार्यक्रमाला नेत नाही, घामाला भितो, पाहुण्याच्या हातात देत नाही. अशी एक गिटार वर्षाआड टेबलावर येते. केसमधली सिलिकाची पुडी निकामी झालेली असते, तारा गंजलेल्या आणि फ्रेटवर एकही खळगा नाही. तिच्या मालकाचे लोकलमधून फिरणारे बावीस हजारांचे वाद्य दर सहा महिन्यांनी येते. त्याचे फ्रेट पहिल्या पाच घरांत खोल झिजलेले असतात आणि पाठीवरचा रंग खरोखरच्या बकलाने गेलेला असतो. दोन्हींवर बावीस फ्रेट, सहा तारा, एक नट. दोन्हींच्या सेटअपला तेवढाच वेळ लागतो आणि बिलही सारखेच होते.